मुका नादकाटा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज ठरवून टाकलं. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत बोलायचंच.

आकाशातल्या शिट्ट्यांचे वरचे स्वर वर्षागणिक खाली येत आहेत, ही गोष्ट गेली चार वर्षं मी मनात धरून बसलो आहे. हिला एकदा सांगितली होती, पण ती तेव्हा पानात वाढत होती आणि मीही भाजीत मीठ कमी असल्याचं मध्येच बोललो, त्यामुळे विषय तिथेच राहिला. बाकी कुणाला नाही. भीती वाटते. खरं ठरलं तर पृथ्वीच्या वर, फार वर, काहीतरी मोठं बदलतं आहे आणि ते पहिल्यांदा मला ऐकू आलं, असं होईल. खोटं ठरलं तर लोक म्हणतील, याचं हे चुकलं, मग मागचंही चुकलेलंच असणार. तीस वर्षांचं काम एका भाषणाला टांगलेलं आहे.

मागचं म्हणजे काय, ते इथे लिहितो. लिहिल्याने मलाच धीर येईल.

कॉलेजात नवा नोकरीला लागलो तेव्हा टेकडीवरून गेलेली टेलिफोनची एक जुनी तार टाकून दिलेली होती. तिच्या टोकाला हेडफोन जोडून पहाटे बसलो. कडकड, चरचर, आणि मध्येच एक लांब शिट्टी, उंचावरून घसरत घसरत खाली येणारी. टेलिफोन खात्यातले म्हणाले, तार खराब आहे. कॉलेजातले म्हणाले, नव्या मास्तरांचं डोकं खराब आहे. ती शिट्टी म्हणजे हजारो मैल लांब पडलेल्या विजेचा रेडिओतला आवाज आहे, हे दाखवायला माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. विजेच्या लाटा हवेच्याही वर जातात आणि मोठा फेरा घेऊन परत जमिनीवर येतात. त्या वाटेत उंच स्वर पुढे पळतात, खालचे रेंगाळतात, म्हणून शिट्टी घसरते. किती सावकाश घसरते त्यावरून वर किती विरळ किंवा दाट काय आहे याचा हिशोब मांडता येतो. तो मी मांडला. आता पाठ्यपुस्तकात माझ्यावर दोन ओळी आहेत. दुसऱ्या ओळीत छपाईची चूक आहे, पण असू दे.

गावच्या शाळेत गुरुजी आम्हाला डोळे मिटून बसवायचे आणि किती आवाज ऐकू आले ते एकेकाला विचारायचे. पोरं चार सांगत, पाच सांगत. मी एकदा विहिरीच्या रहाटापासून शेजारच्या वर्गातल्या खडूपर्यंत अकरा सांगितले. गुरुजी म्हणाले, "याचे कान देवाने सवडीने केलेत." त्या एका वाक्यावर मी आजवर जगलो, असं म्हटलं तरी चालेल.

उद्यापासून लिहायला बसतो. देवा, सांभाळ.

रविवार, ९ फेब्रुवारी

लेक आली. बरोबर नात, सात महिन्यांची, गोल गरगरीत. नाव मोठं छान ठेवलंय, पण सगळे तिला ठमाबाई म्हणतात आणि ती त्याच हाकेला मान वळवते. जावई कामासाठी परगावी, म्हणून दोघी आता वसंत सरेपर्यंत इथेच.

ही देवळात गेली होती, मी मागच्या अंगणातल्या खोलीत होतो. एरियलची तार तिथेच उतरते, माझं सगळं ऐकणं तिथेच चालतं. काम उरकून घरात आलो आणि सहज दार उघडलं, तर लेक सामानासकट पायरीवर बसलेली, ठमाबाई तिच्या मांडीवर झोपलेली.

"बाबा, किती वेळ बेल वाजवतेय!"

"बिघडली असेल."

"बेलला काही झालेलं नाही. तुम्हाला आकाशातलं ऐकू येतं, दारातलं येत नाही."

हसलो. खरंच आहे. डोक्यात काम असलं की मला जगाचं भान राहत नाही. यावरून हिने आयुष्यभर टोमणे मारले, आता पुढची पिढी तयार झाली.

पहाटे खोलीकडे जाताना जाणवलं, झाडांवरचे पक्षी फार कमी झालेत. पूर्वी बारीक चिवचिवाटाने अंगण नुसतं भरून जायचं. आता कावळे तेवढे उरलेत. शहर वाढतंय, दुसरं काय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

भाषणाचा पहिला भाग झाला. मी स्वर मोजतो कसे, ते त्यात सांगावं लागेल, म्हणून नादकाट्यांची पेटी काढून पुसली.

माझी पद्धत साधी आहे. पोलादाचे दोन पात्यांचे नादकाटे, ठोकला की प्रत्येक आपला एकच स्वर देणारा, लांबपासून आखूडपर्यंत ओळीने. शिट्टी हेडफोनमध्ये सुरू झाली की तिचा पहिला स्वर मनात धरायचा आणि लगेच रबरी हातोडीने काटे वाजवून कुठल्या काट्याशी जुळतो ते बघायचं. सवय झाली की हात आपोआप योग्य काट्यावर जातो. लोक हसायचे, आता माझी ही पद्धत दोन-तीन ठिकाणी वापरतात.

ओळीतला शेवटचा, बोटाएवढा काटा मुका झालाय. हातोडी मारली की नुसता टक् असा ठोका, पुढे नाद नाही. त्याच्या आधीचाही मंद झालाय. पोलादसुद्धा म्हातारं होतं, आतून त्याचा ताण जातो. यावर एक छोटं टिपण लिहायला हरकत नाही. शिट्ट्या आता तितक्या वरून सुरूच होत नाहीत, त्यामुळे अडत काही नाही.

हिने दाराची बेल बदलून घेतली. आधीची किणकिण करायची, ही देवळातल्या घंटेसारखी घणघणते. चांगली बेल का बदलली म्हणून विचारलं तर म्हणाली, "ठमाबाई दचकते त्या आवाजाने." नव्या बेलने ठमाबाई नाही, मी दचकतो. जेवायला बसताना हल्ली ही जागा बदलून माझ्या उजव्या हाताला बसते. तिकडून वारा येतो म्हणे.

संध्याकाळी चहा देताना खिडकीशी उभी राहून काहीतरी म्हणाली. मी मांडणीत गढलो होतो, "हो हो" म्हटलं. बाजाराचं असेल.

शनिवार, २२ फेब्रुवारी

खांब येऊन गेला.

खांब म्हणजे माझा पहिला विद्यार्थी. उंच, किडकिडीत. एकदा वादळात एरियलचा खांब पडला तेव्हा हा पठ्ठ्या पाऊस थांबेपर्यंत तार हातात वर धरून उभा राहिला होता. तेव्हापासून त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. आता तो स्वतः शिट्ट्या ऐकणाऱ्या एका केंद्राचा प्रमुख आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. रात्रभर प्रवास करून आला होता आणि टेपरेकॉर्डर लहान मुलासारखा कडेवर घेऊन आला होता.

"सर, परिषदेच्या पत्रिकेत तुमचा विषय वाचला."

"मग?"

"माझ्याकडे वरचे स्वर खाली आलेले नाहीत, सर. आहेत तिथेच आहेत."

"ऐकव."

त्याने फीत लावली. मी डोळे मिटले. शिट्टी आली, आणि काय सांगू! हुबेहूब माझ्यासारखीच. वरचं डोकं कापून टाकावं तशी मधूनच सुरू झालेली.

"अरे, तुझ्याकडेही तेच आहे!" मी अक्षरशः टाळी वाजवली. "तूच ऐक ना नीट!"

त्याने फीत थांबवली. मग म्हणाला, "तुम्हाला कुठून सुरू झाल्यासारखी वाटली?" मी तोंडाने शिट्टी वाजवून दाखवलं.

"ही फीत जुनी आहे, सर. सहा वर्षांपूर्वीची. तेव्हा तर तुमच्याच नोंदीत वरचे स्वर होते."

मी फितीचं चक्र बोटाने फिरवून बघितलं. आणि उलगडा झाला. "फिती जुन्या झाल्या की आधी वरचे स्वर झडतात. तुला माहीत असायला हवं."

"थोडे झडतात, पण—"

"पण काय? तू यंत्रं उत्तम बांधतोस, खांबा. ऐकणं वेगळं असतं."

त्याचा चेहरा पडला. हे बोलायला नको होतं, पण वीस वर्षं ज्याला शिकवलं त्याने फितीवर विश्वास ठेवावा आणि माझ्यावर ठेवू नये, हे मला लागलं.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात डोकावलो तर तो आणि ही अगदी जवळ उभी राहून बोलत होती. मला बघून गप्प झाली.

"कसली कुजबुज?"

"काकूंना म्हणत होतो, चहा फक्कड झालाय."

त्याचा कप ओट्यावर भरलेला होता, साय धरलेला.

निघताना त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. माझ्यावर रागावलेला वाटला नाही. उलट कुणाच्या आजारपणाला भेटायला आल्यासारखा वागत होता. काही कळत नाही.

बुधवार, ५ मार्च

भाषण लिहून झालं. शेवटचं वाक्य तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. "आकाश खाली येत आहे" असं नाही लिहिलं, पण अर्थ तोच.

खांबाची फीत पुरावा म्हणून जोडावी असं आधी वाटलं. मग नको वाटलं. तो मानत नाही, तर त्याच्या नावाचा आधार घेणं बरोबर नाही.

परिषदेचे अध्यक्ष म्हणजे मला सुरुवातीला "तारेवरचा मास्तर" म्हणणारे तेच गृहस्थ. अजून ठणठणीत आहेत. पहिल्या रांगेत बसतील, हाताची घडी घालून.

प्रार्थनेत आज मन लागलं नाही. मी पहाटे कानाला हेडफोन लावण्याआधी देवाचं नाव घेतो. त्याच्या घरी ऐकायला बसायचं तर आधी दारात चपला काढाव्यात, तसं. आज नाव घेताना लक्षात आलं की मी मागणं मागतोय. ही गोष्ट खरी ठरू दे, असं. आकाशाने माझ्या भाषणाप्रमाणे वागावं, असं कुणी मागतं का?

ही म्हणाली, डॉक्टरांकडे जाऊन या एकदा, सर्दीने कान दडपले असतील. सर्दी कुठे आहे? मग पाठमोरी होऊन भांडी लावता लावता आणखी बरंच काहीतरी बोलली. मी "हो हो" म्हणालो. तिने भांडं जरा जोरात आपटलं. बायकांना मध्येच कशाचा राग येतो, देव जाणे.

मंगळवार, ११ मार्च

पहाटे चांगल्या शिट्ट्या आल्या. पूर्वीपेक्षाही खालून सुरू झाल्या.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

रविवार, १६ मार्च

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सकाळी ही आणि लेक दोघी बाजारात गेल्या. ठमाबाईला माझ्याकडे ठेवलं. "रडली तर खुळखुळा वाजवा, आणि बाबा, तिच्याकडे लक्ष द्या, आकाशाकडे नाही," असं बजावून लेक गेली.

खुळखुळा काही सापडेना. मी नादकाट्यांची पेटी काढली. तिला सतरंजीवर बसवलं, मागे उशा लावल्या आणि लांब काट्यापासून एकेक वाजवायला लागलो. पहिल्याला तिने डोळे मोठे केले. पुढच्यांना हात हलवले. ओळ पुरी करायची म्हणून शेवटचे दोन मुके काटेही वाजवले.

त्या शेवटच्या काट्याला ती खुदकन हसली.

मला वाटलं, माझ्या तोंडाकडे बघून हसली. पुन्हा मारला. पुन्हा हसली, आणि काट्याकडे बोट नाचवायला लागली.

मग मी तिच्या पाठीमागे गेलो. तिला काटाही दिसणार नाही, मीही दिसणार नाही, असा. मारला. तिने मान गर्रकन वळवली. अर्थात, टक् असा ठोका तर मलाही ऐकू येतो, तिने ठोक्याला मान वळवली असणार. म्हणून काट्याची दोन्ही पाती बोटांत घट्ट धरली, म्हणजे ठोका होईल पण नाद उठणार नाही, आणि मारला. तिने मान वळवली नाही. ती उशीचं टोक चघळत होती. पाती मोकळी सोडून मारला. वळली. पुन्हा धरून मारला. नाही. कधी धरून, कधी सोडून, क्रम मुद्दाम बदलून मारत राहिलो. ती एकदाही चुकली नाही. इतका प्रामाणिक निरीक्षक मला प्रयोगशाळेत कधी मिळाला नव्हता.

टेबलावर माझा गार झालेला चहा होता. कॉलेजात मुलांना दाखवतो ते मी स्वतःसाठी कधी करून बघितलं नव्हतं. काटा मारला आणि टोक हलकेच चहाला टेकवलं. चहाच्या अंगावर बारीक शहारा आला.

काटा वाजत होता. माझ्या हातात, माझ्या डोळ्यांसमोर वाजत होता. माझ्यापुरता खोलीत काहीच आवाज नव्हता. ठमाबाई हसत होती.

खाली बसलो. मग एकामागोमाग सगळं आठवायला लागलं. बेल. पक्षी. खांबाची फीत आणि माझी टाळी. कानाला वर्षानुवर्षं दाबून धरलेला हेडफोन आणि त्यात कानाच्या पडद्यावर फुटणारे विजेचे कडकडाट. पोलाद म्हातारं झालं, फीत म्हातारी झाली, आकाशसुद्धा उतरलं, असं मी मांडलं होतं, आणि त्या सगळ्यांत मी तेवढा जागच्या जागी होतो.

दोघी परत आल्या तेव्हा मी तसाच बसलो होतो. हिने माझ्याकडे बघितलं, हातातल्या काट्याकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली. लेकीला म्हणाली, "तू ठमाबाईला घेऊन जरा आत जा." मग माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं तरी झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. दोनदा सांगितलं या महिन्याभरात. तुम्ही हो हो म्हणालात."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. तिने पदराने माझा चष्मा पुसला, डोळे पुसायचे सोडून.

"तोंडासमोर येऊन सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही त्या कानांवर जगता. मला धीर होईना. पाठमोरी बोलले तर धीर व्हायचा."

सोमवार, १७ मार्च

डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान, डावा जास्त. वरचे स्वर गेले, ते परत यायचे नाहीत. खालचे आहेत ते जपा म्हणाले, हेडफोन बंद.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

"ऐकतो," मी म्हटलं.

ते कागदावर लिहिता लिहिता थांबले.

गुरुवार, २० मार्च

भाषण फाडलं नाही. बाजूला ठेवलंय. न जाण्याचा विचार आला. प्रकृतीचं कारण देता येईल, आणि ते खोटंही नसेल. गप्प राहिलो तर कुणाला कळणार नाही. पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळी राहतील. चार वर्षांच्या नोंदी कपाटात पडून राहतील, आणि पुढे कुणीतरी त्या उघडून, छापून, त्यांवर घर बांधेल. त्या घरात माणसं राहायला जातील.

ते नको.

पण खरं सांगितलं तरी भीती आहेच. ज्याचे कान गेले त्याचं आधीचं ऐकणं कोण धरून चालणार? आणि ऐकणं गेल्यावर मी कोण, हा प्रश्न परिषदेहून मोठा आहे. रागही येतो. देवाने सवडीने केलेले कान त्याच्याच दारात बसून गेले. हे त्याला प्रार्थनेत सरळ विचारलं. उत्तर आलं असेल तर वरच्या स्वरात आलं असेल.

हिला खांबाला फोन करायला सांगितला. मी शेजारी उभा होतो. "तुझे सर म्हणतायत," ती फोनमध्ये म्हणाली, "ऐकणं वेगळं असतं, हे तुला बोलले ते त्यांनी परत घेतलंय." मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "रडत होता वेडा. परिषदेला तुमच्या उजवीकडे बसतो म्हणाला."

शुक्रवार, २८ मार्च

परिषद झाली.

नादकाट्यांची पेटी बरोबर नेली होती. व्यासपीठावर जाऊन आधी शेवटचा काटा वाजवला. सभागृह शांत होतं, माझ्यापुरतं तर फारच. विचारलं, "कुणाला ऐकू आला?" जवळजवळ सगळे हात वर झाले. पहिल्या रांगेत एक हात खालीच होता. अध्यक्षांचा. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि मग सावकाश त्यांनीही हात वर केला. मी त्यांच्याकडे बघणं टाळलं.

"मला नाही आला," मी म्हणालो. "पत्रिकेत छापलं आहे की आकाशातले स्वर खाली येत आहेत. ते आहेत तिथेच आहेत. खाली मी आलो आहे. तेव्हा आज त्या विषयाऐवजी, हे यंत्र कसं झिजलं आणि यंत्र चालवणाऱ्याला ते चार वर्षं कसं कळलं नाही, एवढंच सांगतो."

काही जण हसले. वाईट हसू नव्हतं. मग सगळं सांगितलं, फितीवरून वाजवलेल्या टाळीसकट.

प्रश्न आलाच. एका तरुण प्राध्यापकांनी विचारला, खांबाने तो माझ्या उजव्या कानात सांगितला, शब्द न गाळता: "मग तुमच्या आधीच्या कामावर आम्ही विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नका," मी म्हणालो. "तपासा. घसरण किती सावकाश होते हे मी खालच्या स्वरांवरून मोजलं, ते अजून ऐकू येतात, म्हणून मला वाटतं ते टिकेल. पण मला काय काय वाटत होतं ते तुम्ही आत्ताच ऐकलंत."

नोंदी तपासायला तिघांची समिती नेमली. खांबाला तिच्यात घेतलं नाही, तो माझा विद्यार्थी म्हणून. योग्यच केलं. काय निघेल सांगता येत नाही. दोन ओळींची एक ओळ होईल, कदाचित तीही जाईल.

अध्यक्ष बाहेर पडताना माझ्याजवळ थांबले. इकडेतिकडे बघून हळूच काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मी हातानेच उजवा कान दाखवला. ते त्या बाजूला आले. "डॉक्टर कोणते?" ते विचारत होते.

मी पत्ता लिहून दिला.

रविवार, ६ एप्रिल

इतके दिवस खोलीचं कुलूप काढलं नव्हतं. आज पहाटे जाग आली, सवयीने. ही स्वयंपाकघरात पाणी तापवत होती. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"येतेस का खोलीत? हेडफोन तू लाव."

"मी?" तिने गॅस बारीक केला. "लग्न झाल्या वर्षी एकदा मी मागितला होता. तुम्ही म्हणालात, हात लावू नकोस, जुळवणी बिघडेल."

"आता जुळवणी माझीच बिघडली आहे. चल."

ती पदर खोचून आली. खुर्चीत बसली. मी हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला, अंबाड्यावरून नीट बसेना, तो सैल केला. यंत्र तापलं. तिने डोळे मिटले. ते मी सांगितलेलं नव्हतं.

"काय ऐकू येतंय?"

"तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं. चरचर."

"ते नेहमीचं. थांब."

थांबलो. उजेड फुटायला लागला होता. झाडाच्या शेंड्यावर चिमुकले पक्षी बसलेले दिसले, चोची उघडत, मिटत. पुष्कळ होते. कमी झाले नव्हते.

एकदम तिच्या कपाळावर आठी पडली आणि तिचा उजवा हात वर उचलला गेला. खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, बसल्या जागेवरून पोचेल तितका वर. तिथून तो हळूहळू खाली यायला लागला, झाडावरून पान उतरावं तसा, डोळ्यांसमोरून, गळ्यासमोरून, आणि शेवटी मांडीवर येऊन टेकला.

"गेली," ती म्हणाली. डोळे ओले होते. "अहो, इतकं सुंदर असतं हे? आणि इतकी वर्षं तुम्ही एकटेच..."

 मी नोंदवहीत वेळ लिहिली. श्रोता या रकान्यात तीस वर्षं माझीच सही आहे. तिच्यापुढे वही सरकवली.

"कुठून सुरू झाली?" मी विचारलं. पेटी उघडून तिच्यासमोर ठेवली. तिने काटे एकेक करून वाजवले, मान हलवत नको नको करत पुढे गेली, आणि शेवटच्या, बोटाएवढ्या काट्यापाशी थांबली. तो वाजवला. कान देऊन ऐकला.

"याच्याही वरून," ती म्हणाली.

तसं लिहिलं. आज देवाकडे काही मागायचं राहून गेलं. मी नुसता तिच्या हाताकडे बघत होतो, तो पुन्हा केव्हा उचलला जातो म्हणून.